बीडच्या रस्त्यांवरची उतरलेली बॅटरी

मोटारीची छोटी बॅटरी मुख्यतः सेल्फ फिरवण्यासाठी असते. इंजिन चालू झाले की डायनामो किंवा अल्टरनेटर तिची भरपाई करतो. ही भरपाई अपुरी पडली की बॅटरी उतरते. विजेवर चालणारा सेल्फ १९१२ मध्ये अमेरिकेत कॅडिलॅक गाडीत आला. त्याआधी बहुतेक गाड्यांना हँडलच मारावे लागे.

बीड जिल्ह्यात बॅटरी उतरण्याचा प्रश्न जास्त जाणवला, कारण इथला प्रवास मुख्यतः रस्त्यावरचा. परळीला रेल्वे होती, पण बीड शहरात ती पोचली १७ सप्टेंबर २०२५ रोजी. निजामाच्या राज्यात रेल्वे खात्याने १९३२ मध्ये २७ बसगाड्यांनी सरकारी मोटारसेवा सुरू केली. पुढे मराठवाड्याची राज्य परिवहन सेवा १९६१ मध्ये महाराष्ट्राच्या महामंडळात विलीन झाली. खासगी वाहतुकीत जीप, अँबॅसडर आणि फियाट होत्या. या गाड्यांना पुढून हँडल घालता येई, त्यामुळे बॅटरी उतरली तरी माणसाच्या जोरावर गाडी सुरू होई. हँडल नसलेली मारुती ८०० (१९८३) आली, तेव्हा धक्का उरला: दुसरा गिअर, क्लच दाबलेला, गाडीने वेग धरताच क्लच सोडायचा.

उतरण्याची कारणे मात्र जुनीच राहिली. बीडचा उन्हाळा चाळिशी ओलांडतो. तापमान साधारण दहा अंशांनी वाढले की आतल्या रासायनिक क्रियांचा वेग जवळपास दुप्पट होतो. प्लेटा लवकर झिजतात, पाणी आटते. जुन्या बॅटरीची बुचे काढून डिस्टिल्ड वॉटर भरणे आणि हायड्रोमीटरने ॲसिडची घनता पाहणे हे ऑटो इलेक्ट्रिशियनचे रोजचे काम होते. कॅल्शियमयुक्त शिशाच्या प्लेटांमुळे पाण्याची कटकट बरीच मिटली, पण बुचे गेल्यामुळे प्रत्येक सेल वेगळा तपासण्याची सोयही गेली.

दुसरे कारण उभी गाडी. दिवाळीच्या सुमारास ऊसतोडीसाठी घर सोडलेले कुटुंब अनेक महिन्यांनी परतते. एवढ्या काळात घड्याळ, कुलूप आणि अलार्म यांची बारीक गळतीही पुरेशी ठरते. ५० मिलिॲम्पिअर गळती म्हणजे दिवसाला १.२ ॲम्पिअर-तास, ३५ ॲम्पिअर-तासांची बॅटरी महिनाभरात रिकामी. तशीच पडून राहिली तर प्लेटांवर सल्फेटचा कडक थर बसतो आणि क्षमता पूर्णपणे परत येत नाही. म्हणून लांब जायचे असेल तर निगेटिव्ह केबल सुटी करून ठेवणे हा सर्वांत स्वस्त आणि खात्रीचा उपाय आहे.

२००० च्या सुमारास इलेक्ट्रॉनिक इंजेक्शन आले आणि धक्क्याचाही भरवसा कमी झाला, कारण इंधनाचा पंप व संगणक यांनाच आधी वीज हवी. विजेवर चालणाऱ्या मोटारीत ही अडचण आणखी पुढे गेली: मोठी बॅटरी भरलेली असली तरी तिला जोडणारे स्विच १२ व्होल्टच्या बॅटरीवरच चालतात. ती उतरली की गाडी हलत नाही, आणि धक्का मारून काही साधत नाही.

जंपर लावून गाडी चालू झाली म्हणजे दुरुस्ती झाली असे नाही. भरलेली बॅटरी विश्रांतीत सुमारे १२.६ व्होल्ट दाखवते आणि इंजिन चालू असताना तिच्या टोकांवर साधारण १४ व्होल्ट दिसायला हवेत. ते दिसले नाहीत तर दोष बहुधा अल्टरनेटरकडे किंवा सैल, गंजलेल्या जोडणीत असतो. दिसले, आणि तरीही बॅटरी रात्रीत उतरली, तर गळती शोधावी लागते: गाडी बंद करून मीटर बॅटरी आणि निगेटिव्ह केबल यांच्या मध्ये लावायचा आणि एकेक फ्यूज काढत प्रवाह कुठे खाली येतो ते पाहायचे. दोन्ही ठीक निघाले, तरच बॅटरी बदलायची.