उधारीची वही आणि हातातली नोट



गेल्या दिवाळीत आमच्या बचत गटातल्या एका ताईंना फोनवर निरोप आला. फोटो ओळखीच्या मॅडमचा, नंबर मात्र नवा. ‘मीटिंगमध्ये आहे. पाच हजारांची गिफ्ट कार्डं ऑनलाइन घेऊन त्यांचे नंबर पाठवा, संध्याकाळी पैसे देते.’ ताईंनी पाठवले आणि पैसे गेले. बैठकीत त्या रडवेल्या होऊन म्हणाल्या, ‘कार्डच होतं ना? क्रेडिट कार्डाचे पैसे परत मिळतात म्हणे, मग याचे का नाही?’

या प्रश्नाचं उत्तर शोधताना आम्ही थेट 1958 सालापर्यंत मागे गेलो. त्या सप्टेंबरात अमेरिकेतल्या फ्रेस्नो शहरात बँक ऑफ अमेरिकेने कोणी न मागता सुमारे 60 हजार क्रेडिट कार्डं टपालाने घरोघरी पाठवली. पुढे इतर बँकांनीही तेच केलं. कार्डं चोरीला जाऊ लागली आणि तक्रारी वाढल्या. शेवटी 1970 मध्ये कायदा झाला. न मागता कार्ड पाठवायला बंदी आली आणि चोरीच्या वापराचा भार ग्राहकावर जास्तीत जास्त 50 डॉलर, असं ठरलं. 1974 च्या कायद्याने आणखी एक हक्क दिला. बिल चुकीचं वाटलं तर 60 दिवसांत लेखी कळवायचं आणि तपास होईपर्यंत ती रक्कम भरायची नाही.

आपल्या किराणा दुकानदाराने वहीत न नेलेली साखर मांडली, तर आपण ती खोडायला लावतो. पैसे अजून आपल्याच पदरात असतात. क्रेडिट कार्ड ही तशी उधारी आहे. गिफ्ट कार्ड म्हणजे आधीच मोजून दिलेली नोट. नंबर सांगितला की नोट दुसऱ्याच्या हातात गेली. अमेरिकेत 2009 मध्ये गिफ्ट कार्डासाठीही कायदा झाला, पण त्याने किमान पाच वर्षांची मुदत दिली, ते 50 डॉलरचं संरक्षण दिलं नाही.

आपल्याकडे रिझर्व्ह बँकेने 6 जुलै 2017 ला परिपत्रक काढलं. चूक आपली नसेल आणि बँकेचा संदेश आल्यापासून तीन कामाच्या दिवसांत कळवलं, तर आपला तोटा शून्य. चूक ग्राहकाची होती हे सिद्ध करायचं बँकेने. मात्र ओटीपी आपणच सांगितला, तर कळवेपर्यंतचं नुकसान आपलं. दुकानाने फक्त स्वतःच्या मालासाठी काढलेल्या गिफ्ट कार्डाला तर रिझर्व्ह बँकेची परवानगीच लागत नाही. त्यामुळे बँकेचं हे छत्र तिथवर पोचत नाही.

ताईंचे पाच हजार परत आले नाहीत. पण गटाच्या वहीत आम्ही दोन ओळी लिहिल्या. कुणी कार्डाचा नंबर मागितला, तर आधी त्या माणसाला त्याच्या जुन्या नंबरवर फोन करायचा. फसगत झालीच, तर लाजत न बसता लगेच 1930 वर आणि कार्ड काढणाऱ्या कंपनीला कळवायचं. पावती जपून ठेवायची.

त्या ओळी ताईंनीच लिहिल्या आहेत. आता प्रत्येक बैठकीत त्याच वाचून दाखवतात.