लाल कागदाची पुडी

वाचकहो, उपरोध म्हणजे काय, हे व्याख्या देऊन समजावण्याचा माझा अधिकार नाही. अडतीस वर्षे होमिओपॅथीचा दवाखाना चालवलेला मी माणूस. मला तो कळला एका गोष्टीमुळे, आणि तीही माझ्याच धंद्यावरच्या.

गोष्ट अंतोन चेखवची, १८८५ सालची. आदल्याच वर्षी तो मॉस्को विद्यापीठातून डॉक्टर झाला होता. शिकत असल्यापासून घरखर्चासाठी तो 'अंतोशा चेखोन्ते' या टोपणनावाने विनोदी साप्ताहिकांत लिही. त्यांपैकी पीटर्सबर्गच्या 'ओस्कोल्की'चा संपादक लैकिन एका गोष्टीला शंभरेक ओळींचीच जागा देई. एवढ्यात पात्राची कुळकथा सांगणार कुठे? माणूस उभा करायचा तो बोलण्याच्या ढबीतून, नाहीतर एखाद्या वस्तूतून. चेखवला हा जाच वाटे. मला वाटते, त्याचा हात घडला तो इथेच.

गोष्टीच्या नावाचा अर्थ 'सोंगाडे' असा होतो. मार्फा पेत्रोव्हना ही जनरलची पत्नी दहा वर्षे खेड्यातल्या लोकांना होमिओपॅथीची औषधे देते आहे. समोर औषधांची पेटी, भिंतीवर सोनेरी चौकटीत कुणा होमिओपॅथची पत्रे. चेखव तिला भोळी म्हणत नाही की गर्विष्ठ म्हणत नाही. चौकटी तेवढ्या दाखवतो. एक गरीब झालेला जमीनदार येतो. तुमच्या साबुदाण्याएवढ्या गोळ्यांनी माझा जुनाट संधिवात पळाला, म्हणून तो बाईंचे गोडवे गातो आणि बोलता बोलता आपल्या अडचणी सांगतो. बाई मदत कबूल करतात. खिशातून रुमाल काढताना त्याची लाल कागदाची पुडी खाली पडते. तो गेल्यावर बाई ती उघडतात. आत त्यांनीच दिलेल्या गोळ्या, एकही न खाल्लेली!

त्यानंतरच्या रोग्यांचे बोलणे त्या प्रथमच नीट ऐकतात. प्रत्येक जण आधी स्तुती करतो, मग कुणी कसायला जमीन मागतो, कुणी सरपण, कुणी त्यांच्या रानात शिकारीची परवानगी.

पहिल्यांदा वाचली तेव्हा मला राग आला. अॅलोपॅथीवाल्याने आमची केलेली थट्टा, एवढाच अर्थ मी घेतला. पुन्हा वाचताना लक्षात आले की गोळ्यांनी गुण येतो की नाही, हा या गोष्टीचा प्रश्नच नाही. गोळी कुणी खाल्लेलीच नाही! ज्याच्या हाती देण्यासारखे दुसरे काही उरले नाही, तो स्तुती देतो. बाईंना ती हवी असते, म्हणून दहा वर्षे पुड्यांचे काय होते हे त्या विचारत नाहीत. मग सोंगाडा कोण? चेखव निवाडा करत नाही. केसपेपरवर लक्षणे लिहावीत तसा त्याचा सूर कोरडा.

पुढच्याच वर्षी त्याने मुलगा गमावलेल्या गाडीवानाची गोष्ट लिहिली. त्याचे दुःख ऐकायला कुणाला सवड नसते. शेवटी तो ते घोडीला सांगतो. तिथेही लेखक स्वतः हळहळत नाही. तोच संयम एका गोष्टीत हसू आणतो, दुसरीत घसा दाटवतो.

माझ्याकडे एक निवृत्त मास्तर दर सोमवारी येत. "डॉक्टर, तुमच्या हाताला यश आहे," हे त्यांचे ठरलेले वाक्य. एकदा तापात त्यांना पाहायला घरी गेलो, तर फडताळात माझ्या बाटल्या ओळीने मांडलेल्या, सगळ्या भरलेल्या. घरात ते एकटेच. मी काही बोललो नाही. ताप उतरल्यावर सोमवारी ते आले, तेच वाक्य म्हणाले, तासभर बसले. उठताना मी नवी बाटली भरून दिली.