अभ्यासाच्या ‘विचित्र’ सवयी: कोणत्या चालू द्याव्यात, कोणत्या बदलाव्यात?

“डॉक्टर, हा एका जागी बसतच नाही, पुस्तक घेऊन घरभर फिरतो.” “ही दार लावून भिंतीशी बोलत बसते.” दहावी-बारावीच्या वर्षात पालक अशा तक्रारी घेऊन येतात. बहुतेक वेळा यात काळजीचे काही नसते. सवय कशी दिसते यापेक्षा तिच्यामुळे दुसऱ्या दिवशी किती आठवते, हे महत्त्वाचे.

मूल ‘पाहून शिकणारे’ की ‘ऐकून शिकणारे’?

मुलांचे असे प्रकार पाडून त्यानुसार शिकवण्याची कल्पना लोकप्रिय आहे. मात्र २००८ मध्ये मानसशास्त्रज्ञांनी या विषयावरील संशोधन तपासले, तेव्हा तिला पुरेसा आधार आढळला नाही. आवडनिवड प्रत्येकाची असते. पण ‘मी ऐकूनच शिकतो’ असे म्हणून लिहिण्याचा सराव सोडला तर नुकसान होते.

उपयोगी पडणाऱ्या सवयी

- मोठ्याने वाचणे: स्वतः उच्चारलेले शब्द मनात वाचलेल्या शब्दांपेक्षा अधिक लक्षात राहतात. व्याख्या, सनावळ्या, सूत्रे यांसाठी हे चांगले.
- भिंतीला किंवा आजीला ‘शिकवणे’: पुस्तक न पाहता सांगताना आपण कुठे अडतो ते लगेच कळते. तेवढाच भाग पुन्हा वाचावा.
- पुस्तक मिटून कोऱ्या कागदावर लिहिणे: २००६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका अमेरिकी प्रयोगात काही विद्यार्थ्यांनी उतारा पुन्हा पुन्हा वाचला, तर काहींनी एकदा वाचून तो आठवून लिहिला. पाच मिनिटांनंतर वाचणारे पुढे होते. आठवड्याने मात्र वाचणाऱ्यांना सुमारे ४० टक्के, तर आठवून लिहिणाऱ्यांना सुमारे ६१ टक्के मजकूर आठवला.
- थोडे थोडे, दिवसाआड: एकाच दिवशी तीन तास करण्यापेक्षा तीन वेगळ्या दिवशी एकेक तास केलेला अभ्यास जास्त टिकतो.
- येरझाऱ्या घालणे, हातात चेंडू दाबणे: काही मुलांना, विशेषतः अतिचंचलता (एडीएचडी) असलेल्यांना, थोडी हालचाल चालू असली की लक्ष टिकवणे सोपे जाते. पाठांतर चालताना आणि लेखन बसून, अशी विभागणी करता येते.

बदलाव्यात अशा सवयी

- रात्रभर जागणे: दिवसा शिकलेले मेंदूत पक्के होण्यासाठी झोप लागते. १३ ते १८ वर्षांच्या मुलांना ८ ते १० तास झोप हवी. जागरणासाठी चहा-कॉफी किंवा एनर्जी ड्रिंक घेऊ नये.
- शब्द असलेली गाणी लावून वाचणे: गाण्यातले शब्द आणि पुस्तकातले शब्द यांची मनात गल्लत होते. हे गणिते सोडवताना कमी, वाचन-पाठांतराच्या वेळी जास्त जाणवते.
- मोबाइल शेजारी ठेवणे: प्रत्येक संदेशाबरोबर तुटलेले लक्ष परत आणायला वेळ लागतो. फोन दुसऱ्या खोलीत ठेवावा.
- पानभर रंगीत रेघा मारणे: पान ओळखीचे वाटते, पण त्यामुळे उत्तर आठवेलच असे नाही.

आपली पद्धत कशी शोधावी?

साधारण सारख्या कठीण असलेल्या दोन धड्यांपैकी एक नेहमीच्या पद्धतीने आणि दुसरा नव्या पद्धतीने करावा. वेळ सारखाच द्यावा. दुसऱ्या दिवशी आणि आठवड्याने, पुस्तक न उघडता, दोन्ही धड्यांवरचे दहा-दहा प्रश्न सोडवावेत. दोन-तीन आठवडे असे केल्यावर जी पद्धत जास्त गुण देते, ती आपली. पालकांनी “नीट बस” म्हणण्याआधी ही वही पाहावी.

डॉक्टरांना कधी भेटावे?

पुढील गोष्टी सहा महिन्यांहून अधिक काळ दिसत असतील तर बालरोगतज्ज्ञांचा सल्ला घ्या:

- तोंडी उत्तर येते, पण वाचताना किंवा लिहिताना खूप चुका होतात
- अक्षरे-अंक उलटसुलट होतात, साधी बेरीज-वजाबाकी जमत नाही
- घरी, शाळेत आणि खेळातही लक्ष टिकत नाही

याशिवाय झोप उडणे, सतत रडू येणे, जेवण कमी होणे दिसल्यास लवकर भेटा. ‘जगावेसे वाटत नाही’ असे मूल बोलले तर त्याच दिवशी डॉक्टरांकडे न्या आणि त्याला एकटे सोडू नका.

सर्वप्रथम दृष्टी आणि श्रवण तपासले जाते. फळ्यावरचे न दिसणारे मूलही ‘लक्ष नसलेले’ वाटू शकते. अध्ययन अक्षमतेचा समावेश २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात आहे. अधिकृत वैद्यकीय केंद्राचे प्रमाणपत्र असल्यास महाराष्ट्रात बोर्डाच्या परीक्षेत जादा वेळ, लेखनिक अशा सवलती मिळू शकतात. तपासणीला वेळ लागतो, म्हणून दहावीची वाट न पाहता आधीच शाळेशी बोलून घ्यावे.