भयपटांचा जमाखर्च

हिंदी चित्रपटाचा व्यापार ज्या मुलखांत वाटला गेला आहे, त्या मुलखांची नावे पाहिली म्हणजे संस्थाने विलीन होऊन आणि भाषावार राज्ये होऊन गेल्यावरही त्या व्यापाराच्या दप्तरात जुना राजकीय नकाशा जवळजवळ जसाच्या तसा जिवंत राहिल्याचे दिसून येते. पश्चिम महाराष्ट्र, कोकण, गोवा आणि गुजरात हा सारा प्रदेश वितरकांच्या भाषेत ‘मुंबई’. मराठवाडा तेलंगणासह ‘निजाम’. आणि विदर्भ ‘सी. पी. बेरार’, ज्याचे व्यवहार मुख्यतः अमरावतीच्या पेठेतून चालत. या मुलखांचेही पोटविभाग होते. मोठ्या शहरांची अव्वल केंद्रे, जिल्ह्याच्या गावांची दुय्यम केंद्रे आणि त्याखाली तालुक्याची व बाजाराची गावे, अशी ती उतरंड होती. आणि चित्रपटाच्या यशापयशाचा निवाडा बहुधा अव्वल केंद्रांतील पहिल्या दोन-चार आठवड्यांवरूनच होत असे. अल्प भांडवलाच्या भयपटाने मात्र आपले द्रव्य मिळवले ते या उतरंडीच्या तळाशी, आणि म्हणूनच त्याच्या कमाईचा इतिहास चित्रपटविषयक प्रतिष्ठित लेखनात फारसा नोंदला गेला नाही. हा इतिहास बव्हंशी एकाच कुटुंबाचा आहे, आणि ते कुटुंब म्हणजे रॅमसे.

फतेहचंद रामसिंघानी हे सिंधी गृहस्थ फाळणीपूर्वी कराचीत रेडिओचे दुकान चालवीत. रॅमसे हे सुटसुटीत नाव तेथेच, गोऱ्या गिऱ्हाइकांच्या सोयीने, त्यांना चिकटले. फाळणीने दुकान व मुलूख दोन्ही सुटल्यावर ते मुंबईस आले आणि लॅमिंग्टन रोडवर त्यांनी पुन्हा तोच धंदा मांडला. ही जागा या कथेत दुर्लक्षिण्याजोगी नाही. डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असे नामाभिधान लाभलेल्या या रस्त्यावर एकीकडे रेडिओची व विद्युत्-सामग्रीची दुकाने आणि दुसरीकडे चित्रपटगृहे व ‘नाझ’च्या इमारतीत दाटीवाटीने वसलेल्या वितरकांच्या कचेऱ्या असा दुहेरी शेजार होता. जेथे दिवसभर चित्रपटांचे हक्क विकत घेतले जात, हप्ते ठरत, तगादे लागत आणि शुक्रवारच्या उत्पन्नाचे आकडे तोंडोतोंडी फिरत, तेथे दुकान थाटलेल्या कर्त्या व्यापाऱ्याला चित्रपटनिर्मितीचा मोह झाला, यात नवल नाही.

यापुढील प्रकरणाशी मराठी वाचकाचा जवळचा संबंध पोहोचतो; परंतु तो आपल्याकडे क्वचितच कोणी सांगतो. रॅमसे यांनी 1963 साली पडद्यावर आणलेला ‘रुस्तम सोहराब’ आणि त्यानंतर 1970 मधील ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ या दोन्ही चित्रपटांचे दिग्दर्शक विश्राम बेडेकर होते. तेच बेडेकर, ज्यांची 1939 सालची ‘रणांगण’ ही कादंबरी मराठी साहित्यात आजही मानाचे स्थान राखून आहे. दोन्हींत पृथ्वीराज कपूर होते. ‘रुस्तम सोहराब’ला सज्जाद हुसेन यांचे संगीत लाभले आणि सुरैया यांचा तो अखेरचा चित्रपट ठरला. नामवंत नट, विद्वान दिग्दर्शक, भारदस्त कथावस्तू हा त्या काळच्या प्रतिष्ठित निर्मात्याचा मार्ग होता, आणि रॅमसे त्याच मार्गाने निघाले होते. ‘एक नन्ही मुन्नी लडकी थी’ तिकीटबारीवर पडला आणि त्याबरोबर तो मार्गही खुंटला.

परंतु याच अपयशात कुटुंबाच्या भावी उत्कर्षाचे बीज होते. त्या चित्रपटात एक चोरीचा प्रसंग आहे. पृथ्वीराज कपूर यांचे पात्र चेहऱ्यावर विक्राळ मुखवटा आणि अंगावर चिलखत चढवून रात्री वस्तुसंग्रहालयात शिरते. पहारेकरी गोळ्या झाडतात, त्या चिलखतावर आपटून फुकट जातात आणि ती अजस्र आकृती पुढे येतच राहते. फतेहचंद यांचे पुत्र तुलसी आणि श्याम चित्रपटगृहात जाऊन प्रेक्षकांचे निरीक्षण करीत, तेव्हा एरवी कंटाळलेले लोक या एका प्रसंगाशी सावरून बसतात, किंबहुना काहीजण केवळ तेवढ्यासाठी आत येतात, असे त्यांच्या ध्यानात आले. ज्याचे भांडवल नुकतेच बुडाले आहे अशा बापाला, जो भाग चालला तेवढ्याचाच अख्खा चित्रपट काढू या, असे सांगण्यास धैर्य लागते. आणि ते ऐकून घेण्यास त्याहून अधिक. दोन्ही बाजूंनी ते धैर्य दाखविले गेले, हे त्या घराण्याचे खरे वैशिष्ट्य मला वाटते.

सात भाऊ होते, आणि सातांनी सारी कामे वाटून घेतली. कुमार लिहिण्याकडे, तुलसी व श्याम दिग्दर्शनाकडे, गंगू छायाचित्रणाकडे, किरण ध्वनीकडे, अर्जुन संकलनाकडे आणि केशू निर्मितीच्या व्यवस्थेकडे वळला. चित्रपटशास्त्राचे शिक्षण कोणीच घेतलेले नव्हते. जोसेफ मॅसेली यांचे छायाचित्रणावरील इंग्रजी पाठ्यपुस्तक बापाने मुलांच्या हाती दिले आणि त्याचे पाठ गिरवून ही मंडळी तयार झाली. मग 1972 साली ‘दो गज जमीन के नीचे’ आला. त्याचे चित्रीकरण महाबळेश्वरास झाले, आणि ते झाले म्हणजे अक्षरशः घरचे बिऱ्हाड हलले: भाऊ, त्यांच्या बायका, आई, मोजके नट आणि यंत्रसामग्री एकत्र प्रवासाला निघाली, विश्रामगृहात उतरली, स्वयंपाक घरच्या बायकांनी केला आणि कामाच्या वेळा पाहून ज्याला जे सांगितले ते त्याने केले. कृत्रिम देखाव्यांऐवजी खरी दालने, खरी झाडी आणि घाटावरचे खरे धुके वापरले गेले. साडेतीन लाखांच्या आसपास खर्च आला, असे रॅमसे बंधू पुढे सांगत. चित्रीकरण सुमारे चाळीस दिवसांत उरकले.

खर्चाचा हा आकडा इतका लहान का राहिला, हे समजण्यासाठी त्या काळच्या निर्मात्याच्या रोजकीर्दीकडे पाहिले पाहिजे. त्याचा पैसा घरचा क्वचितच असे. तो हुंडीवर काढलेला असे, आणि मुंबईत हुंडीचा हा व्यवहार करणाऱ्यांत शिकारपुरी सराफांचा मोठा भाग होता. कर्जावर महिन्यामहिन्याने व्याज चढे. एखाद्या मातब्बर नटाने तारखा पुढे ढकलल्या की चित्रीकरण दीड-दोन वर्षे लांबे, आणि तेवढ्या अवधीत व्याजच मुद्दलाच्या छातीवर बसे. निर्माता बुडे तो पुष्कळदा चित्रपट वाईट निघाल्यामुळे नव्हे, तर तो उशिरा निघाल्यामुळे. रॅमसे बंधूंनी काळाचाच खर्च वाचविला. त्यांच्याकडे ज्याच्या तारखांसाठी खोळंबून राहावे असा नट नव्हता. ज्याला मजुरी रोख मोजावी लागेल असा तंत्रज्ञांचा मोठा ताफा नव्हता. मुखवटा, कंदील, हिरवा-तांबडा प्रकाश, धुराचे लोट आणि करकरणारा दरवाजा एवढ्या साहित्यावर त्यांचा नायक, म्हणजे त्यांचा सैतान, उभा राहत असे. मुरूडच्या नबाबाचा समुद्राकाठचा राजवाडा त्यांच्या चित्रपटांत दिसतो, तो पाहताना मला नेहमी वाटते, की लाखो रुपये ओतून उभारलेल्या देखाव्याला त्या ओल आलेल्या खऱ्या भिंतींची सर आली नसती.

आता वसुलीच्या बाजूकडे यावे. तिकीटबारीवर जमणारी सर्व रक्कम ही ‘ग्रॉस’. तीतून सरकारचा करमणूक कर वजा जाता उरे ती ‘नेट’. तीतून चित्रपटगृहाचे भाडे वा टक्केवारी गेल्यावर वितरकाच्या हाती येई तो ‘शेअर’. मुंबई इलाख्यात हा कर 1923 च्या कायद्याने सुरू झाला आणि पुढे त्याचा दर इतका चढत गेला, की प्रेक्षकाने खिडकीत सरकविलेल्या नोटेतील फार मोठा हिस्सा चित्रपटाशी संबंध असलेल्या कोणाच्याही हाती पडत नसे. निर्मात्याला मिळे ती प्रामुख्याने वितरकाकडून ठरलेली ‘मिनिमम गॅरंटी’, म्हणजे मुलखाच्या हक्कापोटी हप्त्याहप्त्याने येणारी किमान रक्कम. वितरकाचा खर्च व दलाली भागून उरे तो ‘ओव्हरफ्लो’ दोघांत वाटला जाई. अमुक चित्रपटाने इतके लाख मिळविले, असे जेव्हा सांगण्यात येते, तेव्हा ते लाख यांपैकी कोणत्या पायरीवरचे, हे विचारल्याशिवाय त्या विधानाला अर्थ नाही. जुन्या भयपटांच्या कमाईविषयी परस्परविरोधी आकडे आढळतात, त्याचे एक कारण हेच आहे.

मोठ्या चित्रपटाचे हक्क महाग असत, म्हणून त्याच्या वितरकाला अव्वल केंद्रे भरभरून चालणे अपरिहार्य होते. रॅमसे यांच्या भयपटाचे हक्क स्वस्त. त्यामुळे मोठ्या शहरांतील एखाद्या मध्यम चित्रपटगृहात तो दोन आठवडे टिकला तरी हरकत नसे. त्याची खरी मिळकत पुढे सुरू होई. थोड्याशा प्रती तालुक्यातालुक्यांतून फिरत, आज येथे तर आठवड्याने तेथे, आणि चरे पडून, तुकडे जोडून जोडून अपुऱ्या होईपर्यंत फिरतच राहत. लहान गावचा मालक ठरावीक भाडे भरून प्रत आणी आणि रात्रीच्या शेवटच्या खेळाला बाके भरवी. सातारा-सांगलीकडच्या जत्रांत ज्या तंबूतल्या टॉकीज लागत, त्यांत देवाचे चित्रपट आणि भुताचे चित्रपट ही दोन्ही खात्रीची मिळकत समजली जाई. ‘केवळ प्रौढांसाठी’ हे प्रमाणपत्र एरवी निर्मात्याला नुकसानीचे, कारण कुटुंबे दुरावतात. या चित्रपटांना ते जाहिरातीसारखे उपयोगी पडले. परीक्षण मंडळाची कात्री मात्र त्यांच्यावर कठोरपणे चाले आणि प्रदर्शन लांबले म्हणजे व्याजाचा तोच जुना शत्रू पुन्हा दाराशी येई.

याच वर्षांत नारायण धारपांच्या भयकथा महाराष्ट्रातील गावोगावच्या फिरत्या वाचनालयांतून हातोहात जात होत्या, आणि त्यांनाही साहित्याच्या दरबारात मान नव्हता. भय ही नवरसांतील एका रसाची स्थायी वृत्ती. भरताने तिला शास्त्रात स्थान दिले, आणि आपल्या समीक्षकांनी तिला उंबऱ्याबाहेर ठेवले, हा अन्याय मला नेहमी खटकत आला आहे.

या उद्योगाचा कळस म्हणजे 1984 चा ‘पुराना मंदिर’. मोहनीश बहल आणि आरती गुप्ता ही तरुण जोडी, सोबत पुनीत इस्सर, प्रदीप कुमार, जगदीप, आणि आपल्याकडचे सदाशिव अमरापूरकर व ललिता पवार, अशी नटमंडळी त्यात होती; परंतु लोकांच्या स्मरणात राहिला तो सामरी. राजघराण्याला शाप देणाऱ्या या सैतानाचे शिर धडावेगळे करून पेटीत बंद ठेवलेले असते आणि ते पुन्हा धडाला मिळेपर्यंतचा काळ हाच कथेचा ताण. ही भूमिका करणारे अनिरुद्ध अग्रवाल रूरकीचे शिकलेले स्थापत्य अभियंते. त्यांची अवाढव्य उंची आणि लांबट, रेखीव हाडांचा चेहरा यांमुळे मुखवट्याचा बराचसा खर्च निसर्गानेच वाचविला. त्या वर्षीच्या मोठ्या यशांत या चित्रपटाची गणना झाली, आणि तेही अशा काळात, की जेव्हा 1982 च्या आशियाई क्रीडास्पर्धांनंतर रंगीत दूरचित्रवाणी आणि पाठोपाठ व्हिडिओ घराघरांत शिरून मोठ्या नटांचे चित्रपटदेखील धास्तावले होते. सुखवस्तू प्रेक्षक घरी बसला, म्हणून त्याच्यावर विसंबलेले चित्रपट पडले. रॅमसे यांचा प्रेक्षक व्हिडिओ विकत घेणारा नव्हताच, आणि काळोखात शेजाऱ्याच्या दचकण्याबरोबर दचकण्याचा जो सामुदायिक आनंद असतो, तो घरच्या पेटीतून मिळणाराही नव्हता. दुसऱ्याच वर्षी त्रिमिती ‘सामरी’ आला, 1988 मध्ये ‘वीराना’, 1990 मध्ये ‘बंद दरवाजा’.

यशाची नक्कल होणे ठरलेलेच. मोहन भाकरी, विनोद तलवार आदी निर्माते-दिग्दर्शकांनी त्याहून कमी खर्चात त्याहून उग्र चित्रपट काढले. बाजारात प्रतीमागून प्रती आल्या आणि भय स्वस्त झाले. 1993 साली तुलसी व श्याम यांनी ‘झी हॉरर शो’च्या रूपाने आपली विद्या दूरचित्रवाणीवर नेली, तेव्हा ज्या घरांनी त्यांच्या चित्रपटांकडे पाठ फिरविली होती, त्याच घरांतील मुले रात्री पांघरुणाआडून तो पाहू लागली. तुलसी रॅमसे 2018 च्या डिसेंबरात गेले, श्याम 2019 च्या सप्टेंबरात. अलीकडे त्यांच्यावर ग्रंथ लिहिले जात आहेत, विद्यापीठांतून अभ्यास होत आहे, ही समाधानाची गोष्ट आहे.

तथापि त्या अभ्यासाचा मूळ पुरावा झपाट्याने नष्ट होत चालला आहे. प्रत्येक खेळाची तिकिटे, दर्जावार उत्पन्न, कर आणि निव्वळ बाकी यांची नोंद असलेला ‘डी. सी. आर.’ हा दैनंदिन कागद प्रत्येक चित्रपटगृहाला भरावा लागे, आणि लहान गावांतील भयपटांच्या खऱ्या कमाईचा त्याहून विश्वसनीय दस्तऐवज दुसरा नाही. एकपडदा चित्रपटगृहे एकामागून एक पाडली जात असताना हे गठ्ठे रद्दीत जातात. ज्यांच्या घरी वा गोदामात अशा वह्या, पावत्या, वितरकांचे करारनामे किंवा जुनी भित्तिपत्रके पडून असतील, त्यांनी ती विकण्यापूर्वी पुण्याच्या राष्ट्रीय चित्रपट संग्रहालयाशी एकवार पत्रव्यवहार करावा, एवढी माझी कळकळीची विनंती आहे.