बांध आधी, जोण मागाहून

लहानपणी आजोबांचे बोट धरून मी गावच्या मानशीवर जात असे. रात्रीची ओहोटी लागली की लाकडी दारे उघडत, पाणी आवाज करीत नदीकडे धावे आणि लावलेल्या जाळ्यात सुंगटे, शेवटे, कुर्ल्या येऊन अडकत. आजोबांचे लक्ष मात्र मासळीकडे कमी आणि बांधाकडे जास्त असे. कुठे खेकड्याने भोक पाडले आहे का, कुठे चिखल खचला आहे का, हे ते कंदिलाच्या उजेडात बघत पुढे जायचे.

केट रॅवर्थ या इंग्रज अर्थशास्त्रज्ञ बाईंचे २०१७ साली आलेले 'डोनट इकॉनॉमिक्स' वाचताना मला हीच मानस आठवली. बाईंचे म्हणणे सोपे आहे. अन्न, पाणी, घर, आरोग्य यांची एक किमान पातळी असते, तिच्या खाली कोणी जाता कामा नये. पृथ्वीच्या सोसण्यालाही एक मर्यादा असते, ती ओलांडता कामा नये. माणसाने आपला संसार या दोहोंच्या मध्ये मांडावा. मनात आले, हे तर आमच्या खाजनात होते!

खाजन म्हणजे भरतीच्या खाऱ्या पाण्यापासून बांध घालून राखलेली सखल जमीन. गोव्यात अशी सुमारे १८ हजार हेक्टर जमीन सांगतात. जांभा दगड, चिखल आणि गवताच्या या बांधांत मानशी बसवलेल्या असत. भरती चढली की पाण्याच्याच दाबाने दारे मिटत, ओहोटीला आतल्या पाण्याच्या दाबाने उघडत. पावसाळ्यात खारटपणा धुऊन जाई आणि खाऱ्या मातीतही तगणारे कोरगुट भात पिके. कापणीनंतर बेताने खारे पाणी आत घेतले की पोंयीत मासळी वाढे. काही ठिकाणी मिठागरेही असत. एकाच जमिनीतून भात आणि मासळी दोन्ही मिळत, पण त्यासाठी पाणी केव्हा आणि किती घ्यायचे याची शिस्त पाळावी लागे.

ही शिस्त गावकरी राखीत असे. पोर्तुगीज तिला कोमुनिदाद म्हणत. १५२६ साली अफोंसो मेशिया याने तिसवाडीच्या गावांचे रीतिरिवाज 'फोराल'मध्ये नोंदवले. नवी व्यवस्था त्याने निर्माण केली नाही, आधीपासून चालत आलेली कागदावर आणली. शेतांचा आणि मानशीच्या मासळीचा लिलाव होई. त्या पैशातून सरकारी देणे, देवस्थान, गावचे सेवेकरी आणि बांधदुरुस्ती यांचा खर्च भागे. हे सगळे वजा जाता जे उरेल ते गावकारांत 'जोण' म्हणून वाटले जाई. हा क्रम मला फार महत्त्वाचा वाटतो. आज आपण नफा आधी मोजतो आणि निसर्गाची झीज हिशेबात धरतच नाही. त्या वहीत झीज आधी भरून निघे, वाटणी मागाहून.

पण म्हणून तो रामराज्याचा काळ होता असे मी म्हणणार नाही. जोण गावकार घराण्यांतल्या पुरुषांनाच मिळे. चिखलात उभे राहून बांध घालणाऱ्या कष्टकऱ्यांना आणि मुंडकारांना त्यात वाटा नसे. आपल्या गोव्याचेच दामोदर धर्मानंद कोसंबी यांनी जुन्या काबिजादीतील गावसंस्थेवर लिहिलेला लेख 'मिथ अँड रिअ‍ॅलिटी' (१९६२) या पुस्तकात आहे, तो जिज्ञासूंनी जरूर वाचावा. निसर्गाची मर्यादा त्या व्यवस्थेने ओळखली, पण माणसांची बरोबरी ओळखली नाही.

ती चूक दुरुस्त होणे न्यायाचेच होते. १९६४ चा कूळ कायदा आणि १९७६ ची पाचवी दुरुस्ती यांनी कसणाऱ्याला हक्क दिला. बांधांची जबाबदारी कुळांच्या संघटनांकडे आली. परंतु जमीन वाटली गेली तरी बांध वाटता येत नाही, तो सगळ्यांचाच राहतो. कित्येक ठिकाणी मानशीचा लिलाव चालू राहिला आणि डागडुजी मागे पडली. भातापेक्षा सुंगटांना भाव चांगला, म्हणून शेतात पाणी जास्त दिवस राहू लागले. त्यात मांडवी-जुवारीतून खनिज नेणाऱ्या बार्जींच्या लाटांनीही बांध खाल्ले.

त्याच खनिजाच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने २१ एप्रिल २०१४ रोजी उत्खननावर तूर्त वर्षाला २ कोटी टनांची मर्यादा घातली आणि विक्रीच्या रकमेतील १० टक्के पुढच्या पिढ्यांसाठी कायमच्या निधीत टाकायला सांगितले. निकाल वाचून वाटले, आजोबांच्या वहीतला क्रम न्यायालयाला पुन्हा सांगावा लागला.

गेल्या वर्षी मी त्या मानशीवर गेलो होतो. एक दार कुजून पडले आहे, बांधाला भगदाड आहे आणि जिथे कोरगुट डोलत असे तिथे खारफुटी उगवली आहे. मी गावात चौकशी केली. मानशीचा लिलाव कितीला गेला हे सगळ्यांना ठाऊक होते. बांध शेवटचा कधी बांधला, हे मात्र कोणालाच सांगता आले नाही.