घरची शाळा आणि वाङ्मयाची निवड

शाळेत न जाता घरीच शिकणाऱ्या मुलाला बारा ते सतरा या वयात कोणते वाङ्मय वाचावयास द्यावे, हा प्रश्न वरवर पाहता दोन-चार हौशी कुटुंबांपुरता वाटतो. वस्तुतः तो वाङ्मयीन अभिरुचीच्या इतिहासाचा प्रश्न आहे. शाळेचा अभ्यासक्रम ठरविताना समिती बसते, मतभेद होतात, तडजोडी होतात. आणि एका सभासदाला जे सुचले नाही ते दुसऱ्याच्या आग्रहाने पुस्तकात येते. घरच्या शाळेत निवडणारा बहुधा एकटाच असतो. त्याची आवड हाच अभ्यासक्रम आणि त्याची नावड हीच बंदी. म्हणून एका माणसाच्या वाङ्मयविषयक श्रद्धेचे एका कोवळ्या मनावर काय परिणाम होतात हे पाहावयाचे असेल, तर घरी शिकलेल्या मोठ्या माणसांची आत्मनिवेदने वाचण्यासारखे दुसरे साधन नाही.

प्रस्तुत लेखात अशी तीन घरे विचारासाठी घेतली आहेत. एक लंडनमधील जेम्स मिल यांचे, दुसरे अनंतशास्त्री डोंगरे यांचे आणि तिसरे कलकत्त्यातील ठाकुरांचे. देश, धर्म आणि काळ यांची अंतरे मोठी आहेत. परंतु तिन्ही घरांत शिकलेल्या मुलांनी आपल्या शिक्षणाचा हिशेब पुढे स्वतःच मांडून ठेवला, हे त्यांचे समान वैशिष्ट्य होय.

१

जॉन स्टुअर्ट मिल यांचा जन्म १८०६ मधला. त्यांचे आत्मचरित्र १८७३ मध्ये, त्यांच्या मृत्यूनंतर, प्रसिद्ध झाले. वयाच्या तिसऱ्या वर्षी ग्रीक आणि आठव्या वर्षी लॅटिन, हा त्यांच्या शिक्षणाचा क्रम आता दंतकथेसारखा सांगितला जातो. त्यातील खरी लक्षात ठेवण्याजोगी गोष्ट मात्र वेगळी आहे. वडील हिंदुस्थानचा आपला इतिहास लिहीत बसले आहेत, त्याच मेजाशी मुलगा ग्रीक पाठ तयार करीत आहे, आणि ग्रीक शब्दांचे इंग्रजी अर्थ देणारा सोयीचा कोश त्या काळी नसल्याने प्रत्येक अडलेला शब्द तो वडिलांनाच विचारीत आहे, असे ते दृश्य आहे. स्वभावाने उतावीळ असा हा बाप ते व्यत्यय सोशीत राहिला. घरच्या शिक्षणाचे सारे सामर्थ्य या दृश्यात आले आहे. सकाळच्या फिरण्यात मुलाने आदल्या दिवशीच्या वाचनाचे टिपण काढून सांगावयाचे, वडिलांनी प्रश्न विचारावयाचे, हा परिपाठ तर कोणत्याही शाळेला हेवा वाटावा असा होता.

परंतु निवड कोणती होती? हेरोडोटस, झेनोफॉन, प्लेटोचे संवाद, पुढे बाराव्या वर्षापासून तर्कशास्त्र आणि तेराव्या वर्षी अर्थशास्त्र. प्लेटोचा एक संवाद आपल्याला समजणे सर्वथा अशक्य होते, तो वगळला असता तर बरे झाले असते, असे मिल यांनी पुढे मोकळेपणाने लिहिले. गोष्टींची पुस्तके घरात जवळजवळ नव्हती. कोठून तरी हाती आलेला रॉबिन्सन क्रूसो त्यांना फार आवडला. काव्य अगदीच वर्ज्य नव्हते, पण वडिलांच्या लेखी त्याचे स्थान दुय्यम होते. मुलाने पद्यरचना करावी, कारण लोक पद्याला त्याच्या योग्यतेहून अधिक मान देतात, असा त्यामागील विचार होता! शेक्सपिअरचे नाव घरात होते, पण भर होता तो ऐतिहासिक नाटकांवर.

या निवडीची किंमत विसाव्या वर्षी द्यावी लागली. १८२६ च्या शरद ऋतूत मिल यांना आयुष्यातील सर्व उद्दिष्टे निरर्थक वाटू लागली. विश्लेषणाची सवय भावनेची मुळेच पोखरते, हे निदान त्यांनी स्वतःच केले. त्या अंधारात प्रथम उजेड दिसला तो मार्मोंतेल या फ्रेंच लेखकाच्या आठवणींतील, त्याच्या वडिलांच्या मृत्यूचा प्रसंग वाचताना. डोळ्यांत पाणी आले आणि आपण अगदीच दगड झालेलो नाही, असा त्यांना धीर आला. पुढे १८२८ मध्ये वर्ड्‌स्वर्थची कविता भेटली आणि तिने ते सावरले. सांगावयाचे इतकेच, की ज्या पुस्तकांनी हा मनुष्य वाचविला त्यांपैकी एकही वडिलांच्या यादीत नव्हते. यादी चांगली होती, परंतु यादी करणाराची जी उणीव तीच यादीची उणीव झाली.

२

अनंतशास्त्री डोंगरे यांचा प्रयोग याहून कितीतरी धाडसाचा. पुण्यास विद्यार्थिदशेत असताना आपले गुरू पेशव्यांच्या पत्नीला संस्कृत शिकवितात हे त्यांनी पाहिले आणि आपणही घरी तसे करावे, असा निश्चय केला. पत्नी लक्ष्मीबाईंना त्यांनी संस्कृत शिकविले. त्याबद्दल विरोध झाला, धर्मसभेपुढे आपली बाजू शास्त्राधारे मांडावी लागली. पण ते मागे हटले नाहीत. गंगामूळच्या रानात १८५८ मध्ये रमाबाईंचा जन्म झाला. तोपर्यंत शास्त्रीबुवा वृद्ध झाले होते, त्यामुळे मुलीला शिकविण्याचे काम आईने केले. पहाटे, घरची कामे सुरू होण्यापूर्वी, आईच्या तोंडून ऐकून व्याकरण, कोश आणि भागवत पाठ करावयाचे. तेही बहुतेक सारे तीर्थयात्रेच्या वाटेवर. शिकविणारी आई आणि शिकणारी मुलगी असे संस्कृताचे दुसरे घर त्या काळात दाखविणे कठीण आहे.

या शिक्षणाचे फळ सर्वश्रुत आहे. १८७८ मध्ये कलकत्त्याच्या पंडितांनी विशीतल्या रमाबाईंना ‘पंडिता’ आणि ‘सरस्वती’ या पदव्या दिल्या. तथापि या अभ्यासक्रमालाही दोन कुंपणे होती आणि दोन्ही रमाबाईंनी नोंदवून ठेवली आहेत. पहिले कुंपण वेदाचे. स्त्रीने संस्कृत शिकावे यासाठी ज्यांनी समाजाशी झुंज घेतली, त्यांनीही वेद मात्र मर्यादेपलीकडे ठेवले. केशवचंद्र सेन यांनी कलकत्त्यात वेदाची प्रत हाती दिली तेव्हा, स्त्रियांना त्याचा अधिकार नाही, हेच उत्तर या विदुषीच्या तोंडून आले. दुसरे कुंपण ऐहिक ज्ञानाचे. पोटापाण्याला उपयोगी पडेल असे काही शिकविणे घरच्या कल्पनेत बसत नव्हते. १८७४ च्या सुमारास दुष्काळाने घेरले, आईवडील गेले, आणि भागवत मुखोद्गत असलेली ही भावंडे पुराणे सांगत अनवाणी देश हिंडत राहिली.

येथे एक गोष्ट मात्र न्यायबुद्धीने सांगितली पाहिजे. मराठी, कानडी, हिंदुस्थानी आणि बंगाली या भाषा रमाबाईंना कोणी पाठ देऊन शिकविल्या नाहीत. त्या प्रवासात कानांवर पडल्या आणि आपल्या झाल्या. अमेरिकेतील लोकस्थितीवर १८८९ मध्ये त्यांनी लिहिलेल्या पुस्तकातील सरळ, टोकदार मराठी गद्य पाहिले, म्हणजे यादीबाहेरच्या या शिक्षणाची थोरवी ध्यानी येते. संस्कृताने त्यांना शब्दाचा कस दिला, रस्त्याने भाषा दिली. कुंपणे पुढे त्यांनी ओलांडली. पण ती ओलांडण्याचे बळ त्याच घराने दिलेल्या विद्येचे होते, हेही विसरून चालणार नाही.

३

तिसरे घर ठाकुरांचे. रवींद्रनाथांना शाळांतून शाळांत घालून पाहिले आणि एकही मानवली नाही, ही कथा प्रसिद्ध आहे. आपल्या आठवणी त्यांनी १९१२ मध्ये ग्रंथरूपाने दिल्या. त्यांतील शिक्षणविषयक भाग घरी शिकविणाऱ्या प्रत्येकाने वाचावा. त्यांत एक अपयश आहे, एक यश आहे आणि एक गोष्ट अशी आहे की जिचे श्रेय कोणत्याच शिक्षकाला घेता येत नाही.

अपयश मेघनादवधाचे. मायकेल मधुसूदन दत्त यांचे हे महाकाव्य १८६१ चे. ते लहानग्या रवींद्रनाथांना भाषेचे पाठ्यपुस्तक म्हणून शिकविले गेले. शब्दार्थ, संधी आणि व्याकरण यांसाठी काव्य राबविले गेले. परिणाम असा, की सोळा वर्षांच्या रवींद्रनाथांनी १८७७ मध्ये ‘भारती’ मासिकात त्या काव्यावर अतिशय कठोर टीका लिहिली. पुढे त्या टीकेची त्यांना लाज वाटली आणि ती त्यांनी उघडपणे कबूल केली. काव्य थोर होते, वाचक तर असामान्यच होता. बिघडले ते मधल्या योजनेत.

यश ज्ञानचंद्र भट्टाचार्य या शिक्षकाचे. मुलगा शाळेच्या पुस्तकांना बधत नाही असे दिसताच त्यांनी ती वाट सोडली. कुमारसंभवाचा अर्थ बंगालीत सांगून त्यांनी तीन सर्ग असे शिकविले की ते मुलाला पाठच झाले. मॅक्बेथही बंगालीत समजावून देत, आणि तेवढ्या भागाचे बंगाली पद्य झाल्यावाचून खोलीचे दार उघडत नसे. ते भाषांतर पुढे विद्यासागरांना वाचून दाखविण्यात आले. त्याचा बहुतेक भाग आज उपलब्ध नाही. बारा-चौदा वर्षांच्या मुलाला कालिदास आणि शेक्सपिअर हे जड अन्न खरे; परंतु ते मातृभाषेच्या हाताने भरविले गेले, आणि मुलाला नुसते समजून घेण्यावर न थांबविता काहीतरी करून दाखवावयास लाविले गेले. वडील देवेंद्रनाथांनी हिमालयात फ्रँकलिनचे चरित्र शिकविण्यास घेतले होते. त्यातील हिशेबी नीती शिकवितानाच त्यांना खटकू लागली आणि त्या पुस्तकावर ते भर पाठातच रागावू लागले. निवडणाराने आपली निवड चुकली असे मुलासमक्ष मानावे, हा धडा फ्रँकलिनपेक्षा मोलाचा होता असे मला वाटते.

आणि तिसरी गोष्ट. वडिलांच्या पुस्तकांत गीतगोविंदाची एक जुनी बंगाली लिपीतील प्रत होती. तीत पद्याच्या ओळी सुट्या न करता मजकूर गद्यासारखा सलग छापला होता. संस्कृत येत नसता मुलाने ती वाचली, कानाने छंद शोधून काढले, सबंध पुस्तक उतरून घेतले. वैष्णव पदांचे संग्रह असेच हाती आले आणि त्यांतील मैथिलीमिश्रित भाषेच्या कोड्यातून पुढे भानुसिंहाची पदे जन्मली. १८७२ मध्ये निघालेल्या ‘वंगदर्शना’ची वाट घरातील मोठी माणसे पाहत आणि मुलगाही पाहत असे. यांपैकी काहीही कोणी नेमून दिले नव्हते. ठाकुरांच्या घराचे मोठेपण निवडीत जेवढे आहे तेवढेच कपाटाला कुलूप न घालण्यात आहे.

४

यावर कोणी म्हणेल, की शाळेचा अभ्यासक्रम तरी निर्दोष कोठे असतो? आक्षेप रास्त आहे. मराठीपुरते पाहिले तर परशुराम बल्लाळ गोडबोले यांचे ‘नवनीत’ १८५४ मध्ये निघाले. त्याच्या अनेक आवृत्त्या झाल्या आणि पिढ्यान्‌पिढ्यांच्या विद्यार्थ्यांचा प्राचीन मराठी कवितेशी पहिला परिचय त्यातूनच झाला. संतांना आणि पंडितांना एका बासनात आणून मुलांच्या हाती देणे हे उपकाराचे काम खरेच. परंतु वेच्यांची सवय लागली की सबंध ग्रंथाची भूक मरते, हा दोष कोणत्याही वेच्यांच्या पुस्तकाला चुकत नाही. समितीने निवड केल्याने एकाच्या आवडीचा जुलूम टळतो; पण त्याबरोबर एकाच्या प्रेमाची ऊबही जाते. घराला ती ऊब टिकवून जुलूम टाळावयाचा आहे, एवढाच दोहोंतील फरक.

आज हा प्रश्न नव्याने पुढे आला आहे. सहा ते चौदा वयाच्या मुलांच्या शिक्षणाचा कायदा २००९ मध्ये झाला, तरी घरीच शिकविणारी कुटुंबे पुण्यामुंबईत आणि इतरत्रही आहेत. परीक्षेपुरती त्यांची सोय १९८९ मध्ये स्थापन झालेल्या राष्ट्रीय मुक्त विद्यालयाकडून होते, किंवा महाराष्ट्र मंडळाचा ‘सतरा नंबर’चा अर्ज भरून होते. परीक्षेचे पुस्तक ठरलेलेच असते. प्रश्न उरतो तो बाकीच्या दिवसांचा. याखेरीज बडोदे, इंदूर, ग्वाल्हेर अशा ठिकाणच्या ज्या मराठी घरांतील मुले अन्य भाषेच्या शाळांत जातात, त्यांच्यापुरती मराठी वाङ्मयाची शाळा घरच आहे. तेथे आईवडिलांनी निवडले नाही, तर दुसरे कोणी निवडणार नाही.

या तीन घरांवरून त्यांना काही सांगता येण्यासारखे आहे. काव्याला व्याकरणाच्या घाण्याला जुंपू नये. त्यासाठी गद्य आहे, वर्तमानपत्र आहे. वेचे कमी आणि सबंध ग्रंथ थोडे, पण पुरे वाचावे. कठीण पुस्तकाला भिऊ नये, मात्र ते आपल्या भाषेत समजावून देणारे माणूस शेजारी बसलेले असावे. जे वाचले त्याचे मुलाने काहीतरी करावे: भाषांतर करावे, टिपण काढावे, फिरताना सांगावे. आणि यादी पुरी झाली की निवडणाराने स्वतःला एक अप्रिय प्रश्न विचारावा: मला जे आवडत नाही, किंवा ज्याचे मला भय वाटते, असे यात काय आहे? जेम्स मिल यांना कवितेचे महत्त्व वाटले नाही, अनंतशास्त्र्यांना व्यवहाराचे वाटले नाही. दोघेही असामान्य, दोघांचेही मुलांवर अपार प्रेम. तरीही मुलांना जो घाव बसला तो नेमका वगळलेल्या जागीच बसला.

ही जागा निवडणाराला स्वतःला दिसणे अवघड असते. म्हणून यादी करताना शेजाऱ्याला, आजीला, आपल्याशी मतभेद असलेल्या मित्राला एकेक पुस्तक सुचवावयास सांगावे, आणि ते आपल्याला न रुचले तरी काढू नये. आणि मुलाने एखाद्या दुपारी यादीत नसलेले पुस्तक कपाटातून ओढून काढले, तर ते त्याच्या वयाचे आहे की नाही याची चौकशी करण्याची घाई करू नये.