मावळ्याच्या अंगरख्याचा रंग

दिवाळीच्या सुट्टीत आम्ही बार्शीस बहिणीकडे गेलो असता अंगणात मुलांचा किल्ला उभा राहत होता. परांड्याचा भुईकोट इतका जवळ असूनही बार्शीची मुले बांधतात तो मात्र सिंहगड, नाहीतर रायगड! असो. कुंभाराकडून कोरी आणलेली मातीची चित्रे रंगवावयाची होती. भाच्याने विचारले, "मामा, मावळ्याच्या अंगरख्याला कोणता रंग देऊ?"

आम्ही निरुत्तर झालो. इंग्लंडचा स्टुअर्टकालीन इतिहास आम्ही वर्षानुवर्षे शिकवीत आलो आहोत. १६९० साली बॉइन नदीच्या लढाईत तिसऱ्या विल्यमच्या डच पहारेकऱ्यांचे कोट निळे होते, हे आम्हांस झोपेतही सांगता येईल. पण मावळ्याच्या अंगरख्याचा रंग मात्र सांगता येईना!

विलायतेत त्या काळचे इंचभर उंचीचे शिपाई रंगविण्याचा छंद असलेली प्रौढ माणसे पुष्कळ आहेत. त्यांचे काम सोपे होते ते तेथील व्यवस्थेमुळे. पलटणीचा कर्नल शिपायांच्या पगारातून रक्कम कापून घेऊन ठोक कापड खरेदी करी. कोटाच्या अस्तराचा व बाह्यांच्या दुमडीचा रंगही तोच ठरवी. तरीही गणवेश ही गोष्ट तेथे त्या वेळी नवीनच होती. बॉइनच्या रणांगणावर दोन्ही पक्षांत लाल कोटवाले असल्यामुळे ओळख पटावी म्हणून विल्यमच्या लोकांनी टोपीत हिरवी डहाळी खोवली, तर जेम्सच्या लोकांनी पांढरा कागद.

आमच्याकडे तसे नव्हते. शिलेदार आपला घोडा व आपली हत्यारे घेऊन चाकरीस येई. बारगिरास सरकारी पागेतील घोडा मिळे. पण सर्व फौजेस एकाच रंगाचा अंगरखा सरकारातून मिळे, असे मानण्यास आधार नाही. घरचे मुंडासे, घरचा चोळणा, कमरबंद आणि खांद्यावर घोंगडी! तेव्हा दहा मावळे दहा तऱ्हांचे रंगविणे हेच अधिक खरे. आणि ते रंगही भडक नकोत. पर्किनने पहिला रासायनिक रंग काढला तो १८५६ साली. तत्पूर्वी नीळ, हळद, मंजिष्ठ असल्या वनस्पतींवरच रंगाऱ्याची भिस्त असे, आणि गरिबाचे बरेचसे कापड बिनरंगीच राही. बाजारातील चित्रांस एकसारखे भगवे मुंडासे व एकसारखी लाल बंडी चढविली जाते, ती कवायती पलटणींची सवय जडलेल्या डोळ्यांस बरी दिसते म्हणून, असा आमचा तर्क आहे.

याला एक अपवाद मात्र आहे, आणि तो मोठा गोड आहे. सतराव्या शतकाच्या अखेरीस जिंजीस राजाराम महाराजांच्या आज्ञेवरून कृष्णाजी अनंत सभासदाने बखर लिहिली. महाराजांच्या पालखीभोवती चालणाऱ्या निवडक मावळ्यांस सरकारातून जरीची मंदिले, सकलादी आंगी आणि हातांत सोन्यारुप्याची कडी दिल्याचे तो सांगतो. सकलाद म्हणजे उंची लोकरी बनात. आणि कंपनीचे इंग्रज व्यापारी सुरत-राजापुरास विकावयास आणीत, त्या मालात बनात हा प्रमुख जिन्नस होता. इंग्रज शिपायाचा कोट आणि महाराजांच्या हुजुरातीच्या आंग्या एकाच विलायती मागावरून उतरलेल्या असणे अगदी शक्य आहे!

चित्रांची साक्ष काढावी, तर सावधगिरी हवी. मनुचीने मीर महंमद या चित्रकाराकडून करविलेल्या संग्रहात महाराज घोड्यावर असून सभोवती शस्त्रधारी पायदळी लोक आहेत. तो संग्रह पॅरिसच्या राष्ट्रीय ग्रंथालयात आहे. परंतु चित्रकार मोगलाईतला. आणि प्रत्यक्ष महाराजांचे म्हणून आपण कित्येक वर्षे पुजलेले एक चित्र इब्राहीमखान नामक भलत्याच सरदाराचे होते, हे वा. सी. बेंद्रे यांनी दाखवून देईपर्यंत आपल्या ध्यानीही आले नव्हते. जेथे राजाची ही कथा, तेथे पाइकांस कोण विचारतो?

हे सारे भाच्यास सांगितले. त्याने पालखीजवळच्या दोघांस लाल आंगी दिली आणि बाकीच्यांस पांढरट, नीळकट, मातकट असे हाताला येईल तसे रंगविले. शेजारच्या मुलांनी त्याच्या मावळ्यांस भिकारी म्हटले, तेव्हा तो रडकुंडीस आला. पण रंग त्याने बदलला नाही. एका चित्राच्या हाती अलीकडची लष्करी बंदूक होती. तिचे करावे काय, हे आम्हांस सुचेना. त्यानेच तिच्या नळीभोवती सुताचा धागा गुंडाळला आणि ती तोड्याची बंदूक असल्याचे जाहीर केले.